भोयर मास्तरांची मुकी शाळा

नागपुरात, सक्करदऱ्याच्या बाजारात भोयर मास्तरांनी एकदा अंडी मागितली, ती कोंबडी होऊन. दोन्ही हात काखेत, मान पुढे-मागे, आणि तोंडातून चकार शब्द नाही. अंडीवाल्यानं निमूटपणे अंडी बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तरले लकवा मारला का भाऊ?"

मी म्हटलं, लकवा नाही, आफ्रिका.

मास्तर आमचे शेजारी. चाळिशीतले, बिनलग्नाचे, शाळेत शास्त्र शिकवणारे. घरात ते आणि त्यांची माय, दोघंच. मायला ऐकू फार कमी येई. तिच्याशी बोलून बोलून मास्तरांचा आवाज असा तयार झाला होता, की त्यांनी गुरुत्वाकर्षण शिकवायला घेतलं की शेजारच्या वर्गातला इतिहासाचा तास आपोआप बंद पडे. दर दोन वाक्यांनंतर "डोक्यात घुसून राहिलं का?" हे ठरलेलं. पालकाची जुडी परत करताना भाजीवालीलाही ते हेच विचारत.

तर सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मास्तरांना एका सेवाभावी संस्थेचं बोलावणं आलं. टांझानियातल्या एका खेड्यात दोन वर्षं मुलांना शास्त्र शिकवायचं. राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही. मास्तर हरखून गेले. सायकल काढून पार धरमपेठेपर्यंत ओळखीच्या प्रत्येक दारात सांगून आले. मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की तिथली लहान मुलं स्वाहिली बोलतात. मास्तरांना मराठी येई, नागपुरी हिंदी येई, आणि इंग्रज देश सोडून गेले ते मास्तरांचं इंग्रजी ऐकूनच, असं आमच्या मोहल्ल्यात म्हणत.

एक दिवस मास्तर खिन्न होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "विज्ञानाले भाषा काहून पाहिजे? मी हातानं शिकवतो." आणि त्या क्षणापासून सरावासाठी त्यांनी बोलणंच सोडलं.

रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर शाळा भरू लागली. मी आणि माझी बायको नलिनी, आम्ही टांझानियाची पोरं. आम्हाला मराठी येत नाही असं धरून चालायचं. मागे भिंतीला टेकून माय. मास्तर टॉवेल भिजवत, चुलीजवळ धरत, बोटं नाचवत वर नेत आणि मग दोन बोटं कपाळावर ठोकत. म्हणजे, घुसलं का? नलिनी म्हणाली, धोब्याकडे कपडे गेलेले दिसतात. मास्तर मुकाट्यानं पुन्हा टॉवेल भिजवायला गेले. अखेर वाफ, ढग, पाऊस असं सगळं माझ्या डोक्यात घुसलं, तेव्हा मास्तर ओसरीभर नाचले. मॅट्रिकला शास्त्रात लटकलेला माणूस मी. मला इतका आनंद झाला की मीही उठून नाचलो.

फक्त माय ऐकेना. गुरुत्वाकर्षणासाठी मास्तर संत्रं वर फेकत. ते धप्पकन खाली पडलं पाहिजे, पडणं हाच धडा. पण संत्रं वर गेलं रे गेलं, की माय उठून पुढे येई आणि पदर पसरून ते झेली. खाण्याची वस्तू मातीत पडलेली तिला बघवत नसे. मास्तर हातवारे करून रागावत, तिला मागे नेऊन बसवत. पुन्हा संत्रं वर, पुन्हा पदर पुढे. शेवटी माय ते सोलून आम्हा पोरांना फोडी वाटून टाकी आणि शाळा सुटे.

पत्र्याची पेटी आली. बोटीचं ठरलं, बंदरापर्यंत रेल्वेनं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की साऱ्या नागपूरला सांगितलेली ही गोष्ट मास्तरांनी एका माणसाला सांगितलेली नाही. मायला. मी विचारलं, तेव्हा मास्तरांनी मौन मोडलं. इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तिच्याशी हळू बोलता येत नाही गा. अन् हे ओरडून कसं सांगू?"

जायचा दिवस तोंडावर आला, तेव्हा शाळा सुटल्यावर ते मायसमोर उकिडवे बसले. संत्रं स्वतःच्या छातीला लावलं. वर फेकलं. हात लांब, खूप लांब नेला. कपाळाकडे गेलेली दोन बोटं मात्र तिथंच थांबली. ठोकायचा धीर त्यांना होईना.

माय म्हणाली, "मी बहिरी हाओ, आंधळी नाही. पेटी आणली तवाच समजलं मले." मग मांडीवर पडलेलं संत्रं उचलून त्यांच्यापुढे धरलं. "पण हे खाली येते ना गा?"

मास्तरांनी इतक्यांदा होकाराची मान हलवली, की नलिनीला आत निघून जावं लागलं.

स्टेशनवर अख्खा मोहल्ला लोटला होता. हार, टोपल्या, सूचनांचा नुसता गलका. मायकडे आम्ही बघू, असं मी मास्तरांना दहादा सांगितलं. शिट्टी झाली, गाडी हलली. दारात उभे मास्तर, नागपुरातला सगळ्यात मोठा आवाज. त्यांनी खिशातून संत्रं काढलं, छातीला लावलं आणि आमच्या डोक्यांवरून उंच फेकलं.

मायनं आधीच पदर पसरला होता. संत्रं त्यात पडलं आणि या वेळी मास्तर रागावले नाहीत. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

त्या दिवशी मायनं संत्रं सोललं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ते बांधलं, आणि लांब गेलेल्या डब्याकडे बघत दोन बोटं कपाळावर ठोकली.