ओळख निराळी, बिल्ला निराळा

आमच्या मजल्यावर खांबेटे काकांचं दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "कोण?" आपण सवयीने म्हणायचं, "मी." लगेच दुसरा प्रश्न. "मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात."

मग नाव सांगायचं. पण नावाने भागत नसे, कारण नाव कोणीही सांगेल. नावापाठोपाठ अशी एखादी गोष्ट सांगावी लागे, जी आपल्याला आणि काकांनाच माहीत आहे. एकदा विरजण मागायला गेले असताना मला भर जिन्यात ओरडून सांगावं लागलं होतं, "काका, मी शुभदा. तुमची काचेची वाटी माझ्याकडून फुटली आणि मी अजून आणून दिलेली नाही." दार उघडलं, विरजणही मिळालं. पण वरच्या मजल्यावरच्या बाई पुढे कित्येक दिवस मला काही उसनं देताना स्टीलच्या भांड्यातून देत होत्या.

काका ठाण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराने नंबराचा पितळी बिल्ला दाखवायचा, काकांनी तो नंबर टिपायचा आणि मगच आत सोडायचं. बिल्ला विसरला म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला गेटवरून परत पाठवलं होतं. "अहो भाऊजी, सकाळी तुमच्याच घरी चहा घेतला ना मी," असं तो काकुळतीने म्हणाला, त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "ओळख निराळी, बिल्ला निराळा." रिटायर झाल्यावर कारखाना ठाण्यात राहिला आणि गेट मात्र काकांबरोबर डोंबिवलीला आलं. गॅसवाला, पेपरवाला, नवरात्राची वर्गणी मागणारी मुलं, सगळ्यांची सारखीच तपासणी होई.

गंमत म्हणजे, त्यांच्याकडे कोणी पुरावा मागितला तर ते मनापासून खूश होत. बँकेतल्या पोराने नुसतं "नाव काय, आजोबा?" विचारलं तरी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक, लाइटबिल असं सगळं काउंटरवर मांडलं जाई. "मागणारा माणूस कामाचा असतो," असं ते मागे रांगेत ताटकळलेल्या लोकांना समजावून सांगत. त्या रांगेत मी असले की पोस्टर वाचायला लागायचे. हे आपल्याबरोबर आलेले आहेत हे कळू नये, एवढीच माझी धडपड असायची.

काकांना एकच मुलगी, वंदना. काका नोकरीत असतानाच तिने ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. "मासळीचा प्रश्न नाही," काका म्हणत, "गेटपास न घेता गेली, हा प्रश्न आहे." लग्नाला काकू एकट्याच गेल्या. काका त्या दिवशी ड्युटीवर होते, हे त्यांनी स्वतःच सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं आणि सांगताना छाती जरा पुढे काढली होती. पुढे जावयाला मस्कतला नोकरी लागली, वंदना तिकडे गेली. काकू वारल्या तेव्हा ती आली, पण बाप-लेकीत शब्दाचंही बोलणं झालं नाही. तीही त्यांचीच मुलगी.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा तिचं दोन ओळींचं पत्र आलं. त्यात ख्यालीखुशाली नव्हती, नुसता ई-मेलचा पत्ता होता. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते म्हणून काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "पत्राला उत्तर देणं म्हणजे नमतं घेणं," ते म्हणाले. "पण हे यंत्राचं काम आहे. याला पोच म्हणतात. पोच द्यावी लागते."

मग स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी त्यांना मेलबॉक्स उघडून दिला. पासवर्ड म्हणजे काय हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बिल्ला." त्या दिवसापासून दर शनिवारी आमची वरात निघू लागली. खुर्चीवर बसलं की काका खांद्यावरचा पंचा कीबोर्डवर पसरत आणि मला म्हणत, "शुभदा, भिंतीकडे तोंड कर." मग पंच्याखाली एका बोटाने चाचपत पासवर्ड टाकत. तो अर्थातच चुके. पुन्हा पंचा, पुन्हा भिंत. शेजारी कॉलेजची मुलं खुदुखुदु हसत आणि मी, चांगली दोन मुलांची आई, शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एवढं करून मेलमध्ये काय लिहायचे, तर इंग्रजी अक्षरांत "पत्र मिळाले. प्रकृती ठीक. कळावे." तिकडूनही तसंच येई. पण हळूहळू तिकडून धाकट्याला दात आल्याचं कळलं आणि इकडून आमसुलं पाठवू का, अशी विचारणा गेली. काका शुक्रवारी दाढी करायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या ऑफिसला जायचंय ना."

एका शनिवारी मी कल्याणला बहिणीकडे होते, म्हणून काका एकटेच कॅफेत गेले. पुढच्या आठवड्यात मी माझ्या ऑफिसात मेल उघडला, तर खांबेटे काकांकडून पत्र. आमचे साहेब नेमके माझ्या खुर्चीमागे उभे होते. ती जाहिरात होती. कसली ते लिहिणार नाही, एवढंच सांगते की चित्रातल्या बाईला थंडी वाजत असणार. "तुमचे परिचित वाटतं?" साहेबांनी विचारलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. आणि मग एकदम आठवलं की काकांच्या मेलबॉक्समध्ये दोनच पत्ते होते. एक माझा, एक वंदनाचा.

संध्याकाळी तडक त्यांच्याकडे गेले. वाटीची कबुली देऊन आत शिरले.

"काका, तुम्ही पासवर्ड कोणाला सांगितलात का?"

"वेडी आहेस का? मी कोणाला कशाला सांगेन?" मग जरा थांबून म्हणाले, "ऑफिसला दिला."

"कुठल्या ऑफिसला?"

मेलबॉक्सच्या ऑफिसचं पत्र आलं होतं म्हणे. इंग्रजीत, अगदी रीतसर. आपली तपासणी चालू आहे, नाव आणि पासवर्ड उलट टपाली कळवा, नाहीतर बॉक्स कायमचा बंद होईल. काकांनी घरी येऊन मसुदा केला, तो डिक्शनरी घेऊन तपासला आणि दुसऱ्या दिवशी परत कॅफेत जाऊन टाइप केला. "महोदय, आपल्या पत्रास अनुसरून" इथपासून "आपला विश्वासू" इथपर्यंत. मधोमध पासवर्ड. पंच्याखाली जपलेला.

"अहो, ज्यांचा मेलबॉक्स आहे ते कधी पासवर्ड मागत नाहीत. त्यांना गरजच नसते. पत्र कोणाकडून आलं, पत्ता कुठला, काही पाहिलंत का? चोर होता तो. बिल्ला मागणारा खरंच गेटवाला आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"गेटवर उभा होता ना तो," काका म्हणाले.

सगळा जन्म त्यांनी लोकांकडे बिल्ला मागितला. गेट कोणाचं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आणि बॉक्स बंद होईल म्हटल्यावर तो सुचायला डोकं तरी कुठे जागेवर होतं. मग चोराने त्या मेलबॉक्समधून काय पाठवलं ते मी सांगितलं. म्हणजे नुसतं "जाहिरात" म्हणाले. "कसली?" त्यांनी विचारलं. माझ्याच्याने उत्तर देववेना. ते त्यांना कळलं.

"वंदीलाही?"

मी मानेनेच हो म्हटलं. आजवर मला त्यांची लाज वाटत आली होती. त्या दिवशी त्यांच्यासाठी वाटली, आणि ती फार जड गेली.

त्यानंतर काकांच्या दाराआडून "कोण?" येईनासं झालं. वाजवलं की कडी निघे, कोणीही असो. दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून त्यांनी चार चटया घेतल्या. मी रागावले तर म्हणाले, "आता माझ्या तपासणीला काय अर्थ आहे?" दाढी वाढली होती. शनिवार आला की म्हणत, "नको. तिला काय तोंड दाखवू?" मेलमध्ये तोंड दिसत नाही, हे सांगून उपयोग नव्हता.

शेवटी मीच ओढून नेलं. जुना बॉक्स हातचा गेला होता, म्हणून नवा उघडला. वंदनाला लिहिलं की ते घाणेरडं पत्र मी पाठवलं नाही, माझा बिल्ला चोरीला गेला. पुढच्या शनिवारी गेलो, तर उत्तर आलेलं. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तूच वाच."

मी वाचलं. "मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात. तुम्ही बाबा असाल तर एक सांगा. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मला हसू आलं. बापाचं गेट मुलीने मस्कतला लावलं होतं. उत्तर तर अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मी खुर्ची ओढली आणि टाइप करायला लागले, "ड्युटीवर."

काकांनी माझा हात धरला. "खोड ते."

मी खोडलं. कॉलेजची मुलं आज हसत नव्हती, किंवा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"ड्युटीवर मी गेलोच नाही," काका अगदी हळू म्हणाले. "रजिस्ट्रारच्या ऑफिससमोर रसवंती आहे. आत बाकावर बसलो होतो. पंचा डोक्यावरून घेतला होता. ती बाहेर आली, हिने तिची दृष्ट काढली, टॅक्सी निघून गेली. तोवर बसलो होतो. हिलासुद्धा कधी सांगितलं नाही, इतकी लाज वाटली. न बोलावता गेल्याची की बाहेरच बसल्याची, ते आजही सांगता येत नाही."

मग पडद्यावरचा तो प्रश्न त्यांनी स्वतः पुन्हा वाचला, ओठ हलवत.

"शुभदा, ती विचारतेय म्हणजे तिला माहीत असणार. माहीत नसलेलं कोणी विचारत नाही. हो ना गं?"

मी हो म्हटलं. काकांनी खुर्ची पुढे घेतली. पंचा खांद्यावरच राहिला. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि पहिलं अक्षर शोधू लागले. मी उठले आणि न सांगताच भिंतीकडे तोंड केलं.