रज्जाकभाऊंचं पुडकं

चांगला चालणारा संगणक दर शुक्रवारी स्वतःच्या हातानं पुसून कोरा करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? चंद्रपुरात आहे. रज्जाकभाऊ, रेडिओ दुरुस्तीवाले. जुम्म्याची नमाज झाली की दुकानात येतात आणि आठवडाभर संगणकात भरलेलं सगळं उडवून देतात.

त्या संगणकात मोठ्या कंपनीची, सगळीकडे दिसते ती सिस्टीम नाही. मूठभर हौशी लोकांनी बनवलेली, जुनाट यंत्रावरही पळणारी दुसरीच आहे. तिच्यावर चालेल असा इंटरनेटचा ब्राउझर परदेशातल्या कुणीतरी जुळवला. पण नुसता ब्राउझर बसत नाही, त्याला ढीगभर फायली लागतात. त्या शोधून, एका क्लिकवर बसेल असं पॅकेज बांधायचं काम रज्जाकभाऊंनी आपण होऊन घेतलं. ते त्याला पुडकं म्हणतात. त्यांचे वडील बांगड्या भाताच्या तणसात बांधून आरमोरीच्या बाजारात न्यायचे.

रज्जाकभाऊ म्हणतात, "बांगडी फुटली हे बांधणाऱ्याले नाई दिसत, बाबू. खोलणाऱ्याले दिसते."

पुडकं तयार झालं की कोऱ्या संगणकासमोर मला बसवतात. स्वतः तोंडात सुपारी धरून मागे उभे. चावायची नाही, नुसती धरायची. म्हणजे त्यांना मला काही सांगता येत नाही. मी चुकीचं बटण दाबलं की मागून फक्त "अं! अं!" ऐकू येतं. सगळं नीट बसलं तरी चेहरा आंबटच. "इथी चालते याले काई अर्थ नाई. तिथी चालते काय?"

मी चळवळीची पत्रकं वाटणारा माणूस. मला यात लढाई दिसायची. एकदा तावातावानं म्हणालो, "भाऊ, या मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडलीच पाहिजे!"

"मोड ना. पयले हे पुडकं खोलून पाय."

"पण आपल्या भागात ही सिस्टीम वापरतं कोण?"

"आपा."

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, आरमोरीला एकटी राहते. तिच्या जुन्या संगणकावर दुसरं काही चालतच नाही. रज्जाकभाऊंनी टेबलाच्या काचेखालचा एक कागद काढून दाखवला. त्यावर पेन्सिलीनं काढलेले चौकोन. ओळीनं, नुसते चौकोन.

एकदा आपाचा मुलगा दूरच्या शहरात तापानं पडला होता. त्याचा ईमेल आला, मराठीत. रज्जाकभाऊंनी पुडक्यात देवनागरी फॉन्ट घातलाच नव्हता. तेव्हा ते संगणक कोरा करत नसत; त्यात तो आधीपासून होता, त्यामुळे इथे सगळं नीट दिसलं. तिथे आपाला अक्षरांच्या जागी चौकोन दिसले. तिनं ते एकेक करून उतरवले आणि सकाळच्या एसटीनं कागद घेऊन दुकानात आली. "हे वाच रे. जिता आहे काय माहा पोरगा?"

रज्जाकभाऊंनी तिचा ईमेल आपल्या संगणकावर उघडला. एकच ओळ होती: अम्मी, ताप उतरला, आज भात जेवलो.

"दोन दिवस आपा उपाशी होती, बाबू. माह्या बांधण्यानं."

हे सांगत होते तो दिवसही शुक्रवारच होता. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि संगणक कोरा करायला घेतला.

आज तुम्ही दूरच्या कुणाला आपल्या भाषेत काही पाठवलं असेल, तर नुसतं "पोचलं का" विचारू नका. अक्षरं दिसली का, ते विचारा.