कार्डातला दवाखाना

मी 'बघतो' म्हटलं की आमच्या घरात बायको आधी हातातलं काम सेव्ह करते. त्या रविवारी सकाळीही तिने तेच केलं. तिच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा येत होत्या आणि मी चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभा होतो. (मला कोणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.)

बायको घरांच्या आणि दुकानांच्या आतल्या सजावटीचे आराखडे करते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केले; आता पहिल्यांदाच स्वतःचं काम मिळण्याची चिन्हं होती. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना नवा दवाखाना सजवून हवा होता. बाई दुपारी घरी येऊन आराखडा बघणार होत्या. पसंत पडला तर काम हिचं, नाहीतर बाईंच्या भाच्याचं. आणि नेमका तो दवाखाना स्क्रीनवर जरा फिरवून बघायला गेलं की पेशंटच्या खुर्चीचे तुकडे होत, भिंतींवर रेघा उठत आणि मग सगळं काळं होई.

मी एका कंपनीच्या तक्रार विभागात आहे. आमच्याकडे आलेली तक्रार लगेच मान्य करायची पद्धत नाही. आधी ग्राहकाचं काय चुकतंय ते शोधायचं. त्याप्रमाणे मी खुर्चीत बसलो, कॅल्क्युलेटर उघडला आणि दोन-चार बेरजा करून पाहिल्या. एकही रेघ आली नाही.

"मशीन ठणठणीत आहे," मी म्हणालो. "तुझी वापरण्याची पद्धत तपासावी लागेल."

यानंतर घरात जी शांतता पसरली तिचं वर्णन मी करत नाही. विवाहित वाचकांना त्याची गरज नाही आणि अविवाहितांना उगाच कशाला घाबरवा.

मग मी निमूटपणे कामाला लागलो. शेजाऱ्यांचा मॉनिटर उचलून आणून जोडला, त्याच्यावरही रेघा. केबल बदलली, तरी रेघा. शेवटी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, तर आतल्या ग्राफिक्स कार्डावरचा पंखा ढिम्म होता आणि कार्ड इतकं तापलेलं की बोटाला चटका बसला. (बोट माझं. बायको हात न लावता बघत होती.) कार्डच गेलंय, असं ती म्हणाली. पुढे दुकानात जाऊन हे निदान मी माझं म्हणून सांगितलं.

बायकोचा सगळा धंदाच मापांचा. तिने टेप लावून डब्यातली जागा मोजली आणि याहून लांब कार्ड आणू नकोस म्हणून बजावलं. दुकानदाराने आमचं कार्ड त्याच्या मशीनला लावून पाहिलं आणि त्याच्याही स्क्रीनवर त्याच हिरव्या-गुलाबी रेघा उमटल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी हात मिळवला. तक्रार खरी निघण्याचा प्रसंग माझ्या नोकरीत फारसा येत नाही. मापात बसणारं नवं कार्ड मी घेतलं. सुटे भाग कामाला येतील, जुनं इथेच ठेवू का, असं त्याने विचारलं, तेव्हा मोठ्या दिलदारपणे 'ठेवा ठेवा' म्हणालो.

घरी आलो तेव्हा बायको बाहेरच्या खोलीत लाद्यांचे नमुने मांडत होती. मी आत जाऊन कार्ड बसवलं, स्क्रू पिळले, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. डबा घरघरला, पंखे फिरले, पण स्क्रीनवर काहीच नाही. बघावं तिकडे काळोख. मला त्या रेघांचीसुद्धा आठवण यायला लागली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोबाइलमधल्या छोट्या कार्डात फोटो असतात. हे तर चांगलं वीतभर कार्ड. म्हणजे हिची सगळी चित्रं, तो दवाखाना, ती खुर्ची, तो हात धुवायचा कोपरा ज्याच्यासाठी ही आठवडाभर धड जेवली नव्हती, ते सगळं त्या जुन्या कार्डात होतं. आणि ते मी दुकानदाराला देऊन आलो होतो.

"आलोच" एवढंच म्हणून मी चपला सरकवल्या आणि धूम ठोकली. लग्नानंतर एवढा मी बसमागेही पळालेलो नाही. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता. कार्डाचा पंखा त्याने काढलाही होता. मी ते कार्ड आणि तो पंखा अक्षरशः हिसकावून घेतला. काय झालं, असं तो विचारत होता. "संसार आहे त्यात माझा," एवढंच मला म्हणता आलं. त्याने एक पिशवी देऊ केली, पण ती घ्यायलाही मी थांबलो नाही.

वाटेत मी कबुलीची तीन-चार वाक्यं ठरवली. दाराशी पोचलो तेव्हा त्यातलं एकही आठवेना. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई येऊन बसल्या होत्या, आणि बायको त्यांना स्क्रीनवर दवाखाना फिरवून दाखवत होती. खुर्ची अखंड, भिंती स्वच्छ, हात धुवायचा कोपरा जागच्या जागी. मला इतकं हायसं वाटलं की रडूच कोसळायचं बाकी होतं. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात पंखा, कपाळावरून घाम, असा मी त्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

बायकोने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेत," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "मॉनिटरची केबल तुम्ही नव्या कार्डात न लावता वरच्या भलत्याच भोकात लावली होती. ती लावली मी."

आयुष्यात पहिल्यांदा ती मला 'तुम्ही' म्हणत होती. मी हातातलं कार्ड पुढे करून पुटपुटलो, "पण चित्रं तर यात होती ना?"

"चित्रं डिस्कमध्ये असतात. कार्ड ती फक्त दाखवतं."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. मग शांतपणे पर्स उचलली आणि काम तुम्हीच करा, भाच्याला मी सांगते, असं म्हणून उठल्या. बायकोचा चेहरा असा काही फुलला की माझी सगळी पळापळ वसूल झाली. मी तिथेच भिंतीला टेकलो. सुटलो होतो.

दारापाशी बाई थबकल्या.

"माझ्याही कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलंय," त्या म्हणाल्या. "यांना उद्या पाठवाल का?"

"नको हो," बायको घाईघाईने म्हणाली. "यांना एकच घर झेपतं. तेही मी घरात असेन तर."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "म्हणजे हे तुमचे मिस्टर."