पॉलिशचे सहा हात

“पुस्तकं मिटा! फिजिक्स हातानं शिकायचं असतं!”

देवव्रत सरांनी कतारमध्ये, दोह्यातल्या आपल्या शाळेत, अकरावीच्या वर्गात ही गर्जना केली आणि मुलांनी फटाफट पुस्तकं मिटली. त्यात सरांच्या वक्तृत्वाचा वाटा किती आणि शेवटचा तास असल्याचा किती, हा प्रश्न सरांना पडला नाही. माणूस नाशिकचा, हुशार, मनानं चांगला. पण एकदा कल्पना सुचली की पाय जमिनीला लागायचे नाहीत! प्रिन्सिपल साजिदा मॅडमना त्यांनी त्याच दिवशी शब्द देऊन टाकला. गुरुवारी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक! फळीवर ठोकळा ठेवायचा, फळी एका बाजूनं हळूहळू उचलायची, ठोकळा कितव्या अंशाला घसरतो ते मोजायचं, की त्यावरून घर्षण किती ते निघालं. मॅडम म्हणाल्या, “अच्छा हुआ तो सब क्लासेस में यही करेंगे. नहीं हुआ तो वापस किताब!”

आता फळी आणि ठोकळा कोण करणार? अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये भाजी चिरता चिरता आसावरीनं, म्हणजे सरांच्या बायकोनं, चुटकीसरशी सांगितलं, “आपले आबासाहेब आहेत की!”

आबासाहेब आटपाडीकडचे सुतार. बायकामुलं गावी, हा माणूस चौदा वर्षं इथं. गेल्या वर्षी त्यांनी आसावरीच्या ओट्याखाली असे ड्रॉवर बसवले होते, की नुसती करंगळी लावली तरी सुळ्ळकन बाहेर! सरांनी बोलावल्यावर ते टेप घेऊनच आले.

“सर, ही फळी काम काय करनार?”

आता इथं सरांनी घर्षण म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगायचं होतं. अहो, तोच तर त्यांचा धंदा! पण सरांना घाई. “काही नाही हो, तिच्यावरून ठोकळा घसरला पाहिजे. बस्स! आणि जरा फिनिशिंग बघा, पाहुणे येणार आहेत.”

“घसरंल की! पर सर, एक इच्छा हाय.” आबासाहेबांनी टेप खिशात टाकली. “लुसैलच्या टॉवरला चाळीस मजले दारं बसवली मी. काम संपलं, गेटपास खलास. माझ्या दारातनं मानूस आत जाताना एकदा बी बघितला न्हाई. ही फळी पोरं वापरताना बघायचीय. माझी सोनम बी गावाकडं अकरावी सायन्सला हाय. तिला व्हिडिओवर दावीन. ती इचारती, बाबा, तुमी तिकडं नेमकं करता तरी काय?”

सर गहिवरले. “आबासाहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं! मी सगळ्यांसमोर तुमची ओळख करून देणार. ज्यांच्या हातांनी हे घडवलं ते हे, असं सांगणार! आणि सोनमलाही ऐकवा!”

गुरुवारी आबासाहेब फोरमनच्या हातापाया पडून अर्धा दिवस सुट्टी काढून आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खांद्यावर चादरीत गुंडाळलेली आठ फुटी फळी. चादर उलगडली आणि लॅब उजळली! फळी कसली, आरसाच तो! साजिदा मॅडमनी वाकून बघितलं आणि त्यातच बघून ओढणी सारखी केली.

“पॉलिशचे सहा हात दिलेत, सर,” आबासाहेब हळूच म्हणाले. “वरनं मेनबत्तीचं मेन घासलंय, ड्रॉवरला घासतो तसं. ठोकळ्याला बी घासलंय.”

सरांनी फळीवर बोट ठेवलं, तर तेच सुळ्ळकन घसरलं; इथं घर्षण मोजायला उरलंच कुठं! पण पाहुणे खुर्च्यांवर टेकले होते, करक चहाचे कप फिरत होते. आता काय, आलिया भोगासी! ओळख करून द्यायचं सर साफ विसरले. आबासाहेब पहिल्या रांगेत बसले, फोन समोर धरून. फोनमध्ये दोन वेण्या घातलेली सोनम डोळे मोठे करून बघत होती.

“मोनाली, यल्ला! चल, सुरू कर!”

मोनाली वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिनं फळीला नुसता हात लावला, आणि ठोकळा गेला! सुसाट! थेट समोरच्या पाहुण्यांच्या करकच्या कपावर! पाहुण्यांच्या कोटावर चहाचा नकाशा उमटला. फक्त आबासाहेबांनी टाळी वाजवली. “बघ सोनम! घसरला का न्हाई!”

“कोन किती?” सरांनी घाईघाईनं विचारलं.

“सर, आय हॅडन्ट इव्हन स्टार्टेड!”

सर फळीकडे धावले. त्यांनी ठोकळ्यावर दोन किलोचं वजन दोऱ्यानं करकचून बांधलं. आता बस म्हणावं जागेवर!

“सर, मास डझन्ट मॅटर,” मोनाली म्हणाली. “यू ओन्ली टॉट अस.”

खरंच शिकवलं होतं हो, मागच्याच मंगळवारी! वजन कितीही ठेवा, कोन तोच. पण बुडत्याला काडीचा आधार. सरांनी स्वतः फळी उचलली. ठोकळा वजनासकट रोंरावत निघाला आणि शेजारच्या टेबलावर घुसला. तिथं गणिताच्या सत्यभामा मॅडमचं स्टेडियम होतं! घनफळ काढायला मुलांनी तीन आठवडे खपून आइस्क्रीमच्या काड्यांचं केलेलं! काड्या छताला लागून खाली आल्या. सत्यभामा मॅडम कपाळाला हात लावून खाली बसल्या. मागून कोणीतरी ओरडलं, “सर, फ्रिक्शन इज झीरो!” आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला.

साजिदा मॅडम वळल्या. “देवव्रत सर, ये क्या है?”

त्या क्षणी सरांच्या तोंडून जे निघालं ते त्यांना आजही आठवतं.

“मैं क्या करूँ, मॅडम? मैंने तो ठीक से समझाया था! अनपढ कारपेंटर है! उसको क्या पता फ्रिक्शन क्या होता है!”

चौदा वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाला हिंदी समजत नाही असं सरांना वाटलं की काय, देव जाणे! आबासाहेबांनी फोन सावकाश छातीशी पालथा धरला. मग उठले, गुडघ्यांवर बसून एकेक काडी गोळा केली आणि सत्यभामा मॅडमच्या ओंजळीत दिली. “गलती मेरी है, मॅडम,” ते साजिदा मॅडमना म्हणाले. फळी चादरीत गुंडाळली आणि गेले. सर म्हणून उभ्या असलेल्या माणसाचं त्यांना थांबवायचं धाडस झालं नाही.

घरी आसावरीनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे ज्यानं ‘घसरला पाहिजे’ म्हणून सांगितलं तो शिकलेला, आणि ज्यानं घसरवून दाखवलं तो अनपढ, होय?” एवढं बोलून तिनं ताट वाढलं. सरांना ते जाईना.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सर एशियन टाउनला, आबासाहेबांच्या कामगार वस्तीत गेले. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्यांनी माफीचं एक नवं वाक्य जुळवलं, आणि चहाच्या टपरीशी आबासाहेब दिसताच सगळी एकदम विसरले.

“या सर! दोन करक सांगतो,” आबासाहेब म्हणाले. “फळी खोलीवर हाय. पॉलिश समदं खरवडून काढलं. खरखरीत केलीय. आपल्या हातानं आपलंच काम बिघडवायची पैलीच खेप! जाताना घेऊन जावा.”

“आबासाहेब, मी खोटं बोललो हो! मी तुम्हाला काहीच समजावलं नव्हतं. रविवारी शाळा उघडली की जाऊन मॅडमना सगळं सांगतो.”

“ऱ्हाऊ द्या. तुमच्या नोकरीचं बघा.”

चहा आला. सरांनी विचारू की नको करत शेवटी विचारलंच. “सोनमनं... ऐकलं का ते?”

“न्हाई म्हनाली. ‘बाबा, ऐन वक्ताला रेंज गेली, शेवटचं काय ऐकूच आलं न्हाई.’”

सरांच्या जिवात जीव आला. “नशीब!” म्हणत त्यांनी कप तोंडाला लावला.

“व्हय,” आबासाहेब कपात बघत म्हणाले. “मोबाईलचा टॉवर आमच्या घरामागं, परड्यातच हाय.”