सत्तावीस चिठ्ठ्या

नाना जाऊन महिना झाला आणि त्यांच्या थोरल्या मुलाने घरी त्यांच्या आठवणींची सभा ठरवली. सभा म्हणजे व्यवस्थित सभा. पाचला सुरुवात, तीन वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं, शेवटी चहा. थोरला विमा कंपनीत होता. कशाचाही तक्ता केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आणि वेळेचा तो इतका पक्का, की आयुष्यात त्याची एक गाडी चुकलेली नव्हती.

अडचण होती ती घराची. नानांनी चाळीस वर्षं घरातली प्रत्येक वस्तू स्वतः दुरुस्त केली होती. वस्तू चालू व्हायची, नाही असं नाही, पण नानांच्या पद्धतीने. मग ती पद्धत ते एका चिठ्ठीवर लिहून तिथेच डिंकाने चिकटवत. 'हा नळ उलटा फिरतो. सुलटा फिरवणाऱ्याने टॉवेल जवळ ठेवावा.' 'या खुर्चीवर मध्यभागी बसावे. टेकू नये.' 'पंखा लावल्यावर बेल वाजते. दार उघडायला जाऊ नये.' घरभर अशा सत्तावीस चिठ्ठ्या होत्या. कॉलेजात असताना मित्र थोरल्याकडे यायचे ते मुख्यतः त्या वाचायला, आणि तेव्हापासून त्या त्याच्या डोळ्यांत खुपत होत्या.

गेल्या वर्षी तो एकदा बोलूनही गेला होता, "नाना, हे घर आहे का सूचनाफलक?" नाना नुसते हसले होते. ते हसणं हल्ली त्याला सारखं आठवायचं. म्हणूनच निदान सभा तरी नानांना शोभेल अशी व्हावी, एवढं एकच त्याला मनापासून हवं होतं.

आणि म्हणूनच त्या दिवशी सकाळी त्याने भिंतीवरच्या वस्तूसुद्धा उतरवून सत्तावीसच्या सत्तावीस चिठ्ठ्या उपटून केराच्या पिशवीत भरल्या. एकही वाचली नाही.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली.

"नानांचे मोठे साहेब येणार आहेत भाषणाला. त्यांनी काय 'टेकू नये' वाचत बसायचं?"

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने पिशवीकडे एकदा पाहिलं आणि पुढची घडी घातली.

पाच वाजता शेजारचे काका आले, खुर्चीवर बसले आणि सवयीने चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नाही म्हणजे खुर्ची दुरुस्त झाली, असं समजून ते टेकले.

"लागलं नाही रे," ते जमिनीवरून म्हणाले. "मी आता इथेच बसतो. इथून खाली पडायची सोय नाही."

लोक जमले, उकडायला लागलं, कुणीतरी पंखा लावला. बेल वाजली. साहेबच असतील म्हणून सूनबाई धावत गेली, दारात कुणी नाही. पुन्हा वाजली, पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या वेळेला थोरला हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "पंख्याची आहे, लक्ष देऊ नका." त्यामुळे मोठे साहेब खरोखर आले तेव्हा बराच वेळ बेल वाजवत उन्हात उभे राहिले.

आत आले ते घामाघूम. "जरा तोंड धुतो," म्हणून बाथरूममध्ये गेले आणि नळ सुलटा फिरवला. शर्ट भिजला, खिशातलं चार पानी भाषण भिजलं. या अवतारात कुणी बघू नये म्हणून त्यांनी आतून कडी लावली. ती लागली, पण निघेना.

थोरल्याने दार ढकललं, ओढलं, सुताराला फोन केला. सुतार म्हणाला, "उद्या सकाळी येतो." थोरल्याचा चेहरा उतरला.

"अरे, त्या दाराची चिठ्ठी होती की," काका म्हणाले. "ती बघ!"

झालं. केराची पिशवी हॉलमध्ये उपडी केली आणि अख्खी सभा जमिनीवर बसून चिठ्ठ्या चाळायला लागली. चाळायची म्हणजे वाचायला हवी, आणि वाचायची तर मोठ्याने.

"'फ्रिज दोनदा बंद करावा. पहिल्यांदा तो मनावर घेत नाही.'"

"'आरसा वाकडा आहे. आपण सरळ उभे राहावे.'"

हसू आवरेना. मग सूनबाईने एक चिठ्ठी उचलली, मनात वाचली, नवऱ्याकडे पाहिलं.

"ही घड्याळाच्या मागची आहे वाटतं. 'घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. थोरल्याला सांगू नये. वेळेवर पोचतो.'"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. त्याने घड्याळाकडे पाहिलं, हातातल्या तक्त्याकडे पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा खो खो हसला. हसता हसता रडला, तेही त्याने लपवलं नाही.

"अहो, मलाही सांगा ना!" साहेब आतून ओरडले. चिठ्ठी ऐकल्यावर त्यांनी आतूनच सांगितलं, "ऑफिसातही होत्या हो त्यांच्या चिठ्ठ्या. ते निवृत्त झाल्यावर मी काढायला लावल्या. तेव्हापासून रेकॉर्डचं मोठं कपाट उघडलेलं नाही. दोन वर्षं झाली!"

सव्विसांचं वाचन झालं. सत्ताविसावी काकांच्या विजारीला मागे चिकटलेली सापडली. थोरल्याने ती सोडवून वाचली, "'आत अडकल्यास घाबरू नये. हिला हाक मारावी.'"

सगळ्यांच्या माना वळल्या. आई कोपऱ्यात बसली होती.

"आई, तुला उघडता येतं हे?"

"येतं की."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"सकाळपासून मला कुणी काही विचारलं का?" आई उठली, दाराला खांदा लावून ते जरा वर उचललं आणि खाली पायाने दोनदा ठोकलं. दार उघडलं. साहेब टॉवेल पांघरून उभे होते.

"साहेब, आपलं भाषण..." थोरला चाचरला.

"अहो, आता काय बोलू? नाना स्वतःच बोलून गेले सगळं." मग ते आईकडे वळले. "वहिनी, उद्या जरा ऑफिसात येता का? कपाटापुरतं."

"गाडी पाठवा," आई म्हणाली.

सगळे गेल्यावर थोरला डिंकाची बाटली घेऊन घरभर फिरला. सव्वीस चिठ्ठ्या जागच्या जागी लागल्या. उरलेली घड्याळाची चिठ्ठी हातात धरून तो घड्याळासमोर आला.

"समोर लाव की आता," आई म्हणाली. "सगळ्यांना कळलंच आहे."

"छे!" थोरल्याने घड्याळ उतरवलं आणि चिठ्ठी होती तिथे, मागेच चिकटवली. "मला कळलं तर उशीर होईल ना!"