फ्रेंचची चोरी

"रुपराव, या नागपुरात डोळे असलेली माणसं पुष्कळ आहेत. पाहणारा मात्र एकच आहे. आणि तो सध्या तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसलेला आहे."

आनंदराव भुसारी हे बोलले तेव्हा रुपराव सीताबर्डीच्या पुलाचा चढ मारत होता. छातीत हवा उरली असती तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं. हवा नव्हती, म्हणून तो नुसता 'हं' म्हणाला.

"माणसाच्या चपलेकडे पाहून मी त्याच्या सासरचं गाव सांगतो," आनंदराव पुढे म्हणाले. "मेंदू नव्हे, वस्तरा आहे वस्तरा!"

हा वस्तरा जन्मभर जकात नाक्यावर वापरला गेला होता. येणाऱ्याजाणाऱ्या पोत्यांत लोखंडी सळई खुपसून आत काय आहे ते ओळखायचं, हे आनंदरावांचं काम. पेन्शन घेतल्यावर त्यांना वाटू लागलं की माणसांच्याही आतलं आपल्याला तसंच दिसतं, सळईशिवाय. मग महालात एका पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन त्यांनी पाटी लावली: 'आनंदराव भुसारी, खाजगी गुप्तहेर. संपूर्ण विदर्भ व लगतचा मध्यप्रदेश.' गिरणी सुरू असली की ते जिन्यानं खाली येईपर्यंत पांढरेफटक होत. याला ते वेषांतर म्हणत.

त्यांच्या नावावर एक मोठा विजय होता. पारशिवनीच्या एका शेतकऱ्याची हरवलेली म्हैस त्यांनी शोधून काढली होती. म्हणजे म्हैस आपणहून घरी परतली तेव्हा आनंदराव तिच्या मागे चालत होते.

रुपराव हा त्यांच्या बायकोचा, मनकर्णेचा, धाकटा भाऊ. त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकल त्याच्याकडे होती आणि मेव्हण्याला नाही म्हणायची सोय नव्हती, एवढ्या दोन गुणांवर तो सहायक झाला होता.

"भाऊजी, पण चोरी कायची झाली?" पूल उतरल्यावर त्यानं विचारलं.

आनंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "फ्रेंचची."

"कोणता फ्रेंच?"

"माणूस नाही गा. भाषा. कोणीतरी फ्रेंच भाषा चोरली."

रुपरावानं ब्रेक मारला.

कृपासदन हे लुथरन मिशनचं हायस्कूल. सन चौऱ्याहत्तरच्या नागपुरात बाकीच्या शाळांतली पोरं इंग्रजीशीच झटापट करत असताना इथे आठवीपासून फ्रेंच किंवा स्पॅनिश घ्यावी लागे. हे पास्टर लिंडस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश पाद्रीसाहेबांचं खूळ. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या आणि नागपूरचा उन्हाळा सोसत नव्हता. एका मे महिन्यात ते मायदेशी गेले ते गेलेच. मागे राहिले दोन ग्रामोफोन, रेकॉर्डींच्या दोन पेट्या, दोन्ही वर्गांत लावलेले चित्रांचे सारखेच तक्ते आणि वाळवीनं आधीच शिकून टाकलेली पुस्तकं.

मिशननं कळवलं, भाषा बंद करू नका. शिक्षक मात्र पाठवला नाही. मुख्याध्यापक रेव्हरंड शांतवन आवळे यांनी डोकं लढवलं. फ्रेंच दिली मनोहरराव देवपुजारी सरांना, कारण ते संस्कृत शिकवत, आणि मुलांना न समजणारी एक भाषा शिकवणाऱ्याला दुसरी जड जाऊ नये. स्पॅनिश दिली सुमती रामटेके बाईंना, कारण त्या भूगोल शिकवत आणि दक्षिण अमेरिका भूगोलात येते. दोघांनीही त्या भाषेचा एक शब्द पूर्वी ऐकलेला नव्हता. तक्त्यावरच्या गाईवर छडी ठेवायची, रेकॉर्ड बोलायची, मग शिक्षक बोलायचे, मग वर्ग ओरडायचा. दोन वर्षं हे छान चाललं. गाईनं तक्रार केली नाही.

गेल्या सोमवारी घात झाला. चर्चच्या सभेसाठी पाँडिचेरीहून मादाम दोरासामी आल्या. त्यांचं सगळं शिक्षण फ्रेंचमधून झालेलं. रेव्हरंड मोठ्या अभिमानानं त्यांना फ्रेंचच्या वर्गात घेऊन गेले. मादामनी गोड हसून मुलांना फ्रेंचमध्ये नमस्कार केला, "बाँझूर, मेझाँफाँ!"

वर्ग दगडासारखा बसला. शेवटी मॉनिटर उठला आणि काहीतरी बोललंच पाहिजे म्हणून सगळे एका सुरात ओरडले, "मुचास ग्रासियास!"

मादाम दचकल्या. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून, स्पॅनिशच्या वर्गातून, मुलामुलींचा खणखणीत आवाज आला: "बाँझूर, मादाम! कोमाँ ताले व्हू?"

"मग मादाम म्हणाल्या, 'रेव्हरंड, आप की फ्रेंच तो बाजू के कमरे में है!'" रेव्हरंड आवळे कपाळ पुसत आनंदरावांना सांगत होते. "त्या अमरावतीला गेल्या आहेत, शनिवारी परत येतील. त्याच दिवशी कमिटी बसणार. चोर सापडला नाही तर दोन्ही वर्ग बंद. आणि सुमतीबाई तर टेंपररी आहेत. सगळ्यांचा संशय त्यांच्यावरच आहे. त्यांना जावं लागेल."

"मादामना पुन्हा विचारलं का, काय झालं असेल ते?" रुपरावानं विचारलं.

"पाहुण्यांना काय विचारायचं? लाज वाटते हो!"

"मधे मधे बोलू नको," आनंदराव म्हणाले. "रेव्हरंड, माल शाळेच्या बाहेर गेलेला नाही. मला भिंत दाखवा."

दोन वर्गांमधल्या भिंतीला त्यांनी पितळी पेला लावला आणि पेल्याला कान. बराच वेळ त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. मग ते वर पाहू लागले. छताजवळ एक झरोका होता आणि त्यात चिमण्यांचं घरटं.

"मिळालं!" ते ओरडले. "फ्रेंच कुठून बोलतात? नाकातून. नाकातून निघालेला आवाज वर जातो. वर झरोका. झरोक्यातून पलीकडे. फ्रेंच हलकी, म्हणून ती गेली. स्पॅनिश जड, ती खाली राहिली."

"मग इकडच्या वर्गातली पोरं बोलली ते काय होतं?" रुपरावानं विचारलं.

आनंदरावांनी चिमण्यांकडे रोखून पाहिलं. चिमण्यांनी काही कबूल केलं नाही.

मनोहरराव सर आपल्या वर्गात शांत बसले होते. चोरी वगैरे त्यांना मान्यच नव्हतं. "मादामची फ्रेंच अशुद्ध असावी," ते म्हणाले. "आमची मूळ आहे. देववाणीतून निघालेली. पाहा, 'दोस' म्हणजे दोन. 'त्रेस' म्हणजे त्रय. 'दीआस' म्हणजे दिवस. मी यावर निबंध लिहितो आहे."

"संशयास्पद," आनंदराव बाहेर येऊन पुटपुटले. "फार विद्वान आहे."

दुसऱ्या दिवशी नवा सिद्धांत आला. पोरं डबा खायच्या सुट्टीत भाषेची देवाणघेवाण करत असली पाहिजेत, एका आवळ्याला एक शब्द या दरानं. हे पकडण्यासाठी आनंदराव खोटी मिशी लावून फाटकाशी चणेफुटाणे विकायला बसले. पहिल्याच पोरीनं हात पुढे केला आणि म्हटलं, "काका, तुमची मिशी चण्यात पडली." मग सगळ्या शाळेला बातमी लागली. सुट्टी संपली तेव्हा टोपलीत फक्त मिशी होती.

रुपराव तोवर सुमतीबाईंच्या वर्गाच्या दारात उभा होता. बाई तक्त्यावरच्या आगगाडीवर छडी ठेवून शब्द म्हणत होत्या आणि एकेका पोराकडून तो घासूनपुसून घेत होत्या. एक मुलगा अडला तर त्या त्याच्या बाकाशी गेल्या, तोंड कसं करायचं ते दाखवलं, पुन्हा म्हणायला लावलं. तो नीट बोलला तेव्हा वर्गाआधी बाईच खुश झाल्या.

तास संपल्यावर त्यांनी रुपरावाला विचारलं, "तुम्ही त्या डिटेक्टिव्हसोबत आहात न? मले खरं सांगा, मी चोर दिसते काय?"

"नाही जी," रुपराव म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं.

"रेकॉर्डमध्ये जे होतं तेच शिकवलं मी. घरी पाठ करू करू शिकवलं. माझी आई म्हणते, पोरगी झोपेतही परदेशी बोलून राहिली."

शुक्रवारी आनंदरावांनी फर्मान काढलं, "रेव्हरंड, आता सगळ्यांचं रेकॉर्ड तपासणार!" त्यांना पोलिसातलं रेकॉर्ड म्हणायचं होतं. रेव्हरंडांनी दोन्ही पेट्या आणून समोर ठेवल्या. माघार घेणं आनंदरावांच्या स्वभावात नव्हतं. "हेच म्हणत होतो," असं म्हणून त्यांनी त्या जप्त केल्या. एक पेटी कॅरिअरवर, एक दांडीवर आणि स्वतः सीटवर, अशी व्यवस्था झाली. रुपराव चालत आला.

घरी मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. आनंदरावांनी भिंगातून रेकॉर्डी पाहिल्या. मधल्या कागदी चकत्या नागपूरच्या उन्हात डिंक सुटून कधीच गळून गेल्या होत्या. सगळ्या रेकॉर्डी सारख्याच काळ्या.

"यातली फ्रेंच कोणती न् ते दुसरी कोणती?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पेटीवर लिहिलं आहे ना. ही फ्रेंच, ही स्पॅनिश."

"पेटीवर लिहिलं म्हणून काय झालं? माह्या त्या डब्यावर चहा लिहिलं हाय. अंदर जिरं हाय. दिवाळीले डबे घासले तं झाकणं इकडची तिकडं झाली."

आनंदराव खो खो हसले. "मनकर्णे, हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे वं! इथं जिऱ्याचं काय काम?"

रुपराव हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला.

शनिवारी हॉलमध्ये कमिटी बसली. टेबलावर पेट्या, शेजारी ग्रामोफोन. मादाम दोरासामी अमरावतीहून येऊन पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मनोहरराव सर निबंध घेऊन आले होते. सुमतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

आनंदराव कोटाच्या खिशात हात घालून येरझाऱ्या घालू लागले. कोटाच्या प्रत्येक झटक्यासरशी थोडं पीठ उडत होतं.

"सज्जनहो! चोराला तीन गोष्टी लागतात. हेतू, संधी आणि झरोका. हेतू कोणाला? जिच्याजवळ स्पॅनिश होती, पण मन फ्रेंचवर होतं तिला. जिच्या वर्गात साऱ्या जगाचे नकाशे टांगलेले आहेत तिला. रोज स्टुलावर चढून, झरोक्याला कान लावून जिनं शब्दामागून शब्द लांबवले..." त्यांनी बोट रोखलं. "सुमतीबाई, कबूल करा! फ्रेंच तुम्ही चोरली!"

सुमतीबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "मी कोणाचं काही घेतलं नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा. पण माझ्या पोरांना चोरीचं शिकवलं असं म्हणू नका."

रेव्हरंड खाली पाहू लागले. रुपराव दारातून पुढे आला. भाऊजींच्या सभेत तो आजवर एकदाही बोलला नव्हता.

"भाऊजी, थांबा न जरा!" तो एकदम म्हणाला. "रेव्हरंडसाहेब, या मॅडमले ते रेकॉर्ड ऐकवा न एकदा. आपल्यापैकी कोणाले फ्रेंच येतेच कुठं? या मॅडमले येते."

ही गोष्ट इतकी सोपी होती की कमिटीला ती समजायला थोडा वेळ लागला. मग रेव्हरंडांनी फ्रेंच लिहिलेल्या पेटीतली रेकॉर्ड लावली. उन्हानं वाकलेली रेकॉर्ड हेलकावे घेत म्हणाली, "बुएनोस दीआस, सेन्योर!"

"ये फ्रेंच नहीं है!" मादाम उठून उभ्या राहिल्या. "ये तो स्पॅनिश है!"

स्पॅनिशच्या पेटीतली लावली. ती म्हणाली, "बाँझूर, मादाम!" मादाम सावकाश खाली बसल्या. "और ये फ्रेंच है. बहुत बढ़िया फ्रेंच."

सगळे पेट्यांकडे पाहत राहिले. तेवढ्यात रेव्हरंड आवळे यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"पास्टर गेले त्या पावसाळ्यात रेकॉर्डींना बुरशी आली होती," ते हळूच म्हणाले. "मीच उन्हात वाळत घातल्या होत्या. मीच... परत भरल्या."

म्हणजे दोन वर्षं फ्रेंचचा वर्ग स्पॅनिश शिकला होता आणि स्पॅनिशचा फ्रेंच. दोघांचा अभ्यास चोख होता. फक्त आपण काय शिकतो आहोत हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं.

कमिटीनं प्रदीर्घ विचार केला. आता मुलं बदलता येत नव्हती, शिक्षक बदलणं अन्यायाचं झालं असतं. तेव्हा सर्वानुमते असं ठरलं की वर्गांच्या दारांवरच्या पाट्या बदलाव्यात. मादाम म्हणाल्या की न येणारी भाषा इतकी चांगली शिकवणारी बाई त्यांनी पाँडिचेरीतही पाहिली नाही, आणि त्यांच्यासमोर नाही कसं म्हणायचं म्हणून कमिटीनं सुमतीबाईंना कायम केलं. मनोहररावांनी शांतपणे निबंधावरचं 'फ्रेंच' खोडून 'स्पॅनिश' लिहिलं. आतला मजकूर तसाच ठेवला.

"माल शाळेच्या बाहेर गेलेला नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," आनंदराव जाताजाता म्हणाले. "रेव्हरंड, चोर इतका साधा असेल हे मात्र माझ्या बुद्धीला झेपलं नाही. ती फार वरच्या पातळीवर चालते." पण पायऱ्या उतरल्यावर ते परत फिरले, सुमतीबाईंपुढे उभे राहिले आणि टोपी काढून म्हणाले, "बाई, चुकलो. माफ करा." रुपरावानं त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. महालापर्यंत त्यानं सायकल एकाही तक्रारीशिवाय हाणली.

सोमवारी काही कारण काढून रुपराव शाळेत गेला. सुमतीबाई वर्गाच्या दाराशी उभ्या होत्या, नव्या पाटीखाली.

"आत जायची हिंमत होत नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं खोटं नाव सांगितलं पोरांना. काय म्हणतील?"

"जा न जी. मी हाय इथं."

त्या आत गेल्या. सगळं सांगितलं, काही न लपवता. वर्ग ऐकत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, म्हणजे आम्हाले फ्रेंच येते?"

"हो. येते."

मुलीनं सगळ्या वर्गाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मग आम्ही स्पॅनिश घेतली होती न, ते कधी सुरू करायची?"

सुमतीबाईंनी छडी टेबलावर ठेवली, पदर सावरला आणि दुसरी पेटी मागायला त्या शेजारच्या वर्गाकडे निघाल्या.