गांधीलमाश्या आणि तो सकाळचा माणूस

गांधीलमाश्यांचं पोळं उतरवायचं म्हणजे काय डोंगर उचलायचा असतो? डोकं झाकायचं, झाडूचा एक फटका, खाली पिशवी, काम फत्ते! शनिवारी सकाळी मी बायकोला हे छाती पुढे काढून सांगितलं. पुढचं सगळं त्या छातीचं प्रायश्चित्त आहे.

माझे सासरे निवृत्त पोस्टमन. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं एकटेच राहत होते. जिन्यावरून दोनदा पडले, पण "मी मजेत आहे" हे पालुपद काही सोडलं नाही. बायकोने महिनाभर पिच्छा पुरवला तेव्हा कुठे म्हणाले, "चार दिवस येतो. पटलं तर राहीन." आम्ही मागची खोली रंगवली, खाट खिडकीशी लावली. आणि ते येण्याच्या आदल्या दिवशी बघतो तर त्याच खिडकीच्या छज्ज्याखाली नारळाएवढं पोळं!

बायकोने फोन फिरवला. पेस्ट कंट्रोलच्या बाई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी येते. तोवर खिडकी बंद ठेवा आणि जवळ फिरकू नका."

"अगं, पण बाबा उद्या दुपारीच येणार! पहिल्याच दिवशी डंख बसला तर उलट्या पावली परत जातील. मी आहे ना!"

"तीच तर भीती आहे," बायको म्हणाली.

मी गोदामात माल मोजतो आणि घरी आलो की माणसं मोजतो. पोळ्याची बातमी फुटल्यापासून सहा सल्ले जमा झाले होते. दोघे म्हणाले जाळा, तिघे म्हणाले पाण्याचा फवारा मारा, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे येऊ देऊ नका म्हणजे झालं!" मदतीला आलेली माणसं: शून्य.

तेव्हा बायको बाजारात गेल्याचं बघून मी चढवला रेनकोट, त्यावर हेल्मेट, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, पायात गमबूट. आरशात बघितलं. अंतराळवीर आणि बुजगावणं यांचं लग्न लागलं असतं, तर पहिलं मूल असंच दिसलं असतं! मागच्या अंगणात शिडी लावली, जळमटं काढायचा लांब झाडू उगारला, आणि...

"थांबा!"

मागच्या फाटकात सासरे! हातात बॅग. दुपारची गाडी सोडून सकाळचीच पकडली होती.

"अहो भाऊ, दिवसाढवळ्या जाग्या पोळ्याला झाडू मारता? कोणी शिकवलं तुम्हाला हे काम? तीस वर्षं टपाल वाटलंय मी, दर चौथ्या पत्रपेटीत ही मंडळी मुक्कामाला असायची. उतरा आधी!"

'भाऊ' म्हणजे मी! मी खाली उतरून हेल्मेटची काच वर करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "एक बरं झालं, जावईबापूंनी स्वतः हात घातला नाही."

मी काच खालीच ठेवली.

"माणूस सोन्यासारखा हो, पण हात मातीचे! आमच्याकडे एकदा खुंटी ठोकायला गेले. खुंटी राहिली, भिंत आली खाली."

"हूं," मी आवाज जाड करून म्हणालो.

"त्यांच्या तोंडावर बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दर रविवारी न चुकता फोन करतात. बोलायला दोघांकडेही काही नसतं. 'जेवलात का?' 'जेवलो.' संपलं! तरी करतात." सासरे बॅगेवर टेकले. "पण इथे येऊन मी करू काय? कामाचा ना धामाचा. सांभाळतील हो, पण अडगळीलासुद्धा माणसं सांभाळतातच की."

काच आतून धुरकटली. घामाने, असं आपण धरून चालू. त्या धुक्यात काहीतरी चालत होतं. काचेच्या बाहेरून की आतून, हे ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उत्तर नाकाच्या शेंड्यावर मिळालं.

"आई गंऽऽ!"

"पळू नका! हात झाडू नका! सावकाश मागे या!" सासऱ्यांनी मला दंडाला धरून अंगणाच्या टोकाला नेलं. एवढा आरडाओरडा ऐकून काकू कुंपणाशी हजर. "कामाचा माणूस आलाय वाटतं? आमची मोरी तुंबलीय हो!"

"जा हो भाऊ," सासरे म्हणाले, "तिथे तरी काही डसणार नाही!"

काय सांगू! हेल्मेट घालून, सुजत्या नाकाने, अर्धा तास मी काकूंची मोरी उपसली. बाजारातून परतलेल्या बायकोने कुंपणावरून हा सोहळा पाहिला. तिने माझे गमबूट ओळखले, मला ओळखलं, आणि गोड आवाजात विचारलं, "चहा घेणार का, भाऊ?" मी पुढच्या दाराने घरात शिरलो, अंघोळ केली, आणि "अरे, बाबा! कधी आलात?" म्हणत बाहेर आलो.

"नाकाला काय झालं, जावईबापू?"

"डास!"

संध्याकाळी पेस्ट कंट्रोलच्या बाई आल्या. जाड पोशाख, तोंडावर जाळी. आम्हाला सगळ्यांना घरात कोंडलं, माश्या पोळ्यात परतेपर्यंत थांबल्या, लांबूनच औषध फवारलं, सगळं शांत झाल्यावर पोळं पिशवीत भरलं. ना शिडी पडली, ना कोणी ओरडलं. बघायला मजाच आली नाही!

जेवणं झाल्यावर सासरे म्हणाले, "याला म्हणतात काम! नाहीतर तो सकाळचा माणूस. त्याला पुन्हा दारात उभा करू नका, जावईबापू."

"छे! नावच काढू नका त्याचं," मी टोमॅटोएवढ्या नाकातून म्हणालो.

बायको ताटं उचलत होती. "कसं जमायचं, बाबा? तो इथे रोज असतो. रविवारी तर दिवसभर!"

सासऱ्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दाराशी तशीच ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेऊन खाटेखाली सरकवली.

"मग मला राहावंच लागेल," ते म्हणाले. "लक्ष ठेवायला कुणीतरी नको?"

तेव्हा काम फत्ते झालं, आणि माझ्यामुळेच झालं! फक्त परवा काकूंची मोरी पुन्हा तुंबली आणि त्यांनी सासऱ्यांकडे त्या हेल्मेटवाल्या भाऊंचा नंबर मागितला. सासऱ्यांनी तोंडपाठ सांगितला. दर रविवारी त्याच नंबरावरून फोन येत होता ना!